मागे राहिलेल्या घराचा हिशेब

२ मार्च १९४९ रोजी तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान, हैदराबादेत वारले. त्यांचे लग्न झालेले नव्हते, मूलबाळ नव्हते. १८८९ साली पुण्यात जन्मलेले हे गृहस्थ १९१२ ते १९१४ या काळात निजामाचे पंतप्रधान होते. नंतरचे आयुष्य त्यांनी वस्तू जमवण्यात घालवले. दिवाण देवडी या त्यांच्या वाड्याच्या दालनांत त्यांच्यामागे हस्तिदंती खुर्च्या, घड्याळे, चिनी मातीची भांडी, गालिचे, हत्यारे, हजारो पुस्तके आणि हस्तलिखिते राहिली. आजोबांनी १८७६ साली रोमहून आणलेला बेन्झोनीचा ‘व्हेल्ड रिबेका’ हा संगमरवरी पुतळाही त्यातच होता. कायद्याच्या दृष्टीने हे सगळे एका मयत माणसाचे घरसामान होते आणि त्यावर हक्क सांगणारे नातेवाईक बरेच होते.

पुढे काय झाले ते हैदराबादकरांना ठाऊक आहे. मालमत्तेच्या कारभारासाठी सरकारने समिती नेमली, वस्तूंची मांडणी कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे दिली, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते देवडीतच संग्रहालय उघडले. १९५८ साली उच्च न्यायालयात तडजोड झाली आणि वारसांनी संग्रह सरकारच्या हवाली केला. १९६१च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला, १९६८ साली तो मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आला. प्रत्येक वारसाने आपला हिस्सा वस्तूंच्या रूपात किंवा रोखीत मागितला असता, तर ही हजारो नगांची दौलत पाच-दहा वर्षांत जगभर पांगली असती.

इतके मोठे घर क्वचितच कुणाचे असते. पण बरकतपुऱ्यातल्या निवृत्त प्राध्यापकाच्या दोन खोल्यांपुढेही प्रश्न तोच उभा राहतो. माणूस गेला, आता घरातले काय कुणाचे आणि त्याची किंमत किती? १९८५ साली मृत्यूनंतरचा कर गेला आणि तेव्हापासून ‘कर नाही, मग यादी कशाला’ ही समजूत आपल्याकडे पक्की झाली. मला ही समजूत फार महाग पडणारी वाटते. सरकारला घरसामानाच्या किमतीशी कर्तव्य उरले नसेल, पण घरातल्या माणसांना ते आहे. त्यातही किंमत शेवटी येते. आधी मालकी, मग यादी, आणि त्यानंतर भाव. बहुतेक घरांत हा क्रम उलटा लागतो आणि भांडणाची सुरुवात तिथून होते.

कायदा यादी आणि किंमत मागतो ती प्रोबेटच्या निमित्ताने. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाने दिलेली सही-शिक्क्याची खात्री. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन जुन्या इलाखा-शहरांशी संबंधित हिंदू मृत्युपत्रांना ते घेणे सक्तीचे होते. ती सक्ती सांगणारे कलम २०२५च्या अखेरीस संसदेने काढून टाकले. हैदराबादेतल्या हिंदू घराला ही सक्ती कधी नव्हतीच, मुसलमानांच्या मृत्युपत्रालाही नव्हती. तरी वाद असला, मृत्युपत्रावर शंका असली किंवा मृत्युपत्रच नसले, की प्रोबेटसाठी किंवा व्यवस्थापनपत्रासाठी सिटी सिव्हिल कोर्टाची पायरी चढावी लागते. तिथे अर्जासोबत मालमत्तेचे मूल्य सांगावे लागते.

या मूल्यपत्रकाचा मूळ नमुना १८७०च्या कोर्ट फी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. त्यातल्या पहिल्याच नोंदीत घरातली आणि बँकेतली रोकड, घरसामान, अंगावरचे कपडे, पुस्तके, चांदीची भांडी, दागिने हे सगळे एका दमात येते. त्यापुढे सूचना आहे की अर्जदाराने आपल्या प्रामाणिक समजुतीप्रमाणे अंदाजी किंमत लिहावी. दुसऱ्या जोडपत्रात वजावटी येतात: मयताचे कर्ज, अंत्यविधीचा खर्च, गहाणाचा बोजा, विश्वस्त म्हणून सांभाळलेली दुसऱ्याची मालमत्ता. या जुन्या नमुन्यात मला समजूतदारपणा दिसतो. कायदा रुपया-पैशाची अचूकता मागत नाही, प्रामाणिकपणा मागतो. पुढे १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने त्याला मुदतीची जोड दिली. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची पूर्ण आणि खरी यादी, आणि वर्षभरात जमाखर्चाचा हिशेब न्यायालयात द्यायचा. प्रत्यक्षात हा सहा महिन्यांचा कागद फार थोडे लोक वेळेवर देतात.

बँकेतल्या ठेवी आणि रोखे यांच्यासाठी वारस-प्रमाणपत्र मिळते, पण ते फक्त येणी आणि रोख्यांपुरते असते. कपाट, समई, शिवणयंत्र, भिंतीवरचे तैलचित्र यांना त्याचा काही उपयोग नाही. घरसामान बहुतेक वेळा कोणत्याही कागदाशिवाय हातोहात जाते, आणि मग दहा वर्षांनी ‘आईच्या पाटल्या कुठे गेल्या’ हा प्रश्न लग्नाच्या मांडवात निघतो.

कर होता तेव्हाची गोष्ट निराळी होती. १५ ऑक्टोबर १९५३ला इस्टेट ड्यूटीचा कायदा अमलात आला. मूल्य ठरवायची कसोटी त्यात एका वाक्यात होती: मृत्यूच्या वेळी खुल्या बाजारात विकली असती तर वस्तूला जी किंमत आली असती, असे कंट्रोलरचे मत पडेल, ती. घरसामान आणि कारागिराची हत्यारे यांना २,५०० रुपयांपर्यंत माफी होती. विक्रीसाठी नसलेली पुस्तके माफ, अंगावरचे कपडे माफ, पण कपड्यांत शिवलेले मौल्यवान खडे नाहीत. हैदराबादच्या जुन्या घरांत हा अपवाद किती गंभीर होता, हे जरदोजीने मढवलेला खडा दुपट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. घराण्यात जपलेली चित्रे, हस्तलिखिते आणि वंशपरंपरेच्या चिजाही विकायच्या नसतील तर माफ होत्या. कायद्याला घर कळत होते, असे ही कलमे वाचताना वाटते.

दर मात्र जबर होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात वरच्या टप्प्याला ८५ टक्के कर लागत होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान २४ फेब्रुवारी १९६७ला वारले ते याच काळात. आपल्यामागे काय होईल याचा अंदाज त्यांना आधीच होता. म्हणून १९५१ आणि १९५२ साली त्यांनी दागिन्यांचे दोन ट्रस्ट करून ठेवले होते. त्या दागिन्यांत सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा होता, जो ते कागद दाबायला वापरत असल्याचे सांगतात. वडिलांच्या जोड्याच्या टोकात तो त्यांना सापडला, अशी कथा आहे. मूल्यांकनाची सगळी अडचण या एका दगडात दिसते. टेबलावर असताना तो घरातली वस्तू, तराजूत घातला की जवाहीर, आणि लिलावाच्या यादीत आला की इतिहास.

थोरले पुत्र आझम जाह १९७०मध्ये वारल्यावर ट्रस्टच्या अटीप्रमाणे विक्रीचा मार्ग मोकळा झाला. पण दरम्यान १९७२चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आला आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी बसली. ‘खुला बाजार’ कुठला हा प्रश्न त्यामुळे खरोखरीचा झाला. जगभरचे श्रीमंत बोली लावतील तो भाव धरायचा, की बाहेर नेता न येणाऱ्या वस्तूला देशातला गिऱ्हाईक देईल तो? खटले वर्षानुवर्षे चालले. अखेर १९९५ साली १७३ नगांचा संच भारत सरकारने २१८ कोटी रुपयांना घेतला. ही किंमत कमी होती असे मानणारे पुष्कळ आहेत. निर्यातबंदी असलेल्या वस्तूला जगाच्या बाजाराचा भाव लावणे मला बरोबर वाटत नाही, पण बंदी घालणारा आणि विकत घेणारा एकच असला की भाव न्याय्य ठरला असेही छातीठोक म्हणता येत नाही.

इस्टेट ड्यूटीच्या जोडीला संपत्तिकर होता आणि दागिन्यांवरून त्याचीही झटापट झाली. घरगुती वापराच्या वस्तू त्यात माफ होत्या. १९७०मध्ये अरुंधती बालकृष्ण यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंगावर घालायचे दागिने या माफीत बसतात. सरकारने पुढच्याच वर्षी कायदा बदलून, तोही मागच्या तारखेपासून, दागिने बाहेर काढले. एकाच वस्तूचे दोन कायद्यांखाली दोनदा मूल्यांकन, ही लोकांची मुख्य तक्रार होती. १९८५च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी हेच कारण दिले, आणि उत्पन्न जेमतेम वीस कोटींचे असून वसुलीचा खर्च त्या मानाने जास्त असल्याचेही सांगितले. १६ मार्च १९८५पासून होणाऱ्या मृत्यूंना इस्टेट ड्यूटी राहिली नाही. २०१६पासून संपत्तिकरही गेला. २०२४च्या निवडणुकीत वारसाकराचा विषय पुन्हा निघाला, गाजला आणि मिटला.

आजच्या घराकडे वळू. सामान मोजायला बसण्याआधी ते कुणाचे हे ठरवावे लागते, आणि हैदराबादेत याचे उत्तर घरागणिक बदलते. नवरा गेला म्हणून कपाटातले सगळे दागिने ‘त्याची मालमत्ता’ होत नाहीत. बायकोचे स्त्रीधन तिचेच. सासरच्यांच्या ताब्यात असले तरी त्यावर तिचाच हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ठाम सांगितले. ते यादीत घातले तर विधवेला स्वतःच्याच वस्तूंत वाटेकरी मिळतात. आंध्रात मुलींना एकत्र कुटुंबात मुलाबरोबरीचा हक्क १९८५ साली मिळाला, महाराष्ट्राच्याही नऊ वर्षे आधी. तरी घरसामानाच्या वाटणीत ‘मुलींना काय लागतंय’ हे वाक्य अजून ऐकू येते, आणि ते ऐकताना मला चीड येते.

मुसलमान घरांत मयताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेला मतरूका म्हणतात, आणि हैदराबादच्या दिवाणी दाव्यांत हा शब्द सर्रास येतो. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज. न दिलेला मेहर हेही कर्जच. मग मृत्युपत्र, तेही एक-तृतीयांशापर्यंत. उरलेल्यात हिस्से: मुले असतील तर पत्नीला आठवा भाग, मुलाला मुलीच्या दुप्पट. हिस्से अपूर्णांकांत असले की प्रत्येक डेगचीला किंमत लावल्याशिवाय वाटणी होत नाही. शिया कायद्यात तर घरसामानाला वेगळेच वजन आहे. निपुत्रिक विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वाटा मिळत नाही, पण इमारतीच्या मूल्यात आणि जंगम मालमत्तेत चौथा हिस्सा मिळतो. त्या बाईचा उरलेला जन्म घरातल्या वस्तू किती प्रामाणिकपणे मोजल्या यावर अवलंबून असतो. वडिलांचे कपडे, कुराण, अंगठी आणि तलवार थोरल्या मुलाला स्वतंत्रपणे मिळतात, मात्र वडिलांनी त्याशिवायही काही मालमत्ता ठेवलेली असली पाहिजे. भावनेपोटी ज्या चार गोष्टींवरून घरे तुटतात, त्या या कायद्याने आधीच वाटणीबाहेर ठेवल्या आहेत.

आता भाव. खुल्या बाजारातला भाव म्हणजे दुकानातली नवी किंमत नव्हे, विम्याचा आकडाही नव्हे. वापरलेला फ्रिज, पलंग, टीव्ही यांचा भाव जुमेरात बाजारात किंवा एर्रागड्ड्याच्या रविवारच्या बाजारात जो मिळेल तोच, आणि तो ऐकून वारसांना धक्का बसतो. साध्या घरातल्या फर्निचर-भांड्यांची मिळून एक ढोबळ रक्कम लिहिली तरी कुणी हरकत घेत नाही. तांब्या-पितळेची घंगाळे, बंब, पराती मोडीच्या वजनाने मोजाव्यात. वेळ आणि पैसा उरलेल्या थोड्या वस्तूंवर खर्च करावा.

त्या थोड्या वस्तू ओळखणे हेच खरे काम. बिदरीचे उदाहरण घ्या. बिदर हे निजामी राज्यातलेच, त्यामुळे हैदराबादच्या जुन्या घरांत पानदान, सुराही, हुक्क्याचे बूड अशी बिदरीची वस्तू असतेच. ती जस्त-तांब्याच्या मिश्रधातूची. मोडीत तिला जवळपास काहीच येत नाही, चांदीची तारकशीही थोडीशीच. पण तीच वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आणि काम बारीक असेल तर जाणकार तिला मोडीच्या कित्येक पट मोल देतो. भंगारवाल्याला घर एकगठ्ठा देणाऱ्यांच्या हातून नेमक्या याच वस्तू जातात. उलट चूक जडावाच्या दागिन्यात होते. त्यात आत लाख भरलेली असते, म्हणून काट्यावर आलेले वजन सोन्याचे नसते. चारकमानजवळचा सराफ लाख आणि खडे वजा करून, टंच पाहून सोने सांगेल. पण खडे आणि घडणावळ यांची किंमत त्यात येत नाही, आणि मोडीत घेणारा ती देतही नाही. सतलड्याचे मोती बसऱ्याचे नैसर्गिक की शेतीचे, हे डोळ्यांनी ठरत नाही, क्ष-किरण तपासणी लागते. दोहोंच्या भावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अशा वेळी घेणाऱ्यालाच भाव विचारणे ही मूळ चूक. खरेदीत ज्याचा स्वार्थ नाही अशा नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा लेखी अहवाल घ्यावा, फोटो आणि वजनासह.

काही वस्तूंना किंमत लावताच येत नाही, कारण त्या विकता येत नाहीत. हस्तिदंताची चौकट, वाघाचे कातडे, शिंगांचे मुंडके अशा वस्तू जुन्या देवड्यांत अजून आहेत. वन्यजीव कायद्याने अशी वस्तू वारशाने मिळू शकते, पण नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे घोषणा करावी लागते आणि विक्रीला बंदी आहे. जुन्या मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी आहे का ते पाहावे. हस्तलिखिताला पुरावस्तू ठरायला पंचाहत्तर वर्षे पुरतात. बंदूक असेल तर यादी होण्याआधीच ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी. मराठी घरांतल्या पुस्तकांना बाजारभाव नसतोच. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जागी आधी विचारावे, रद्दीवाल्याला नंतर.

करासाठी किंमत आजही लागते, फक्त मृत्यूच्या दिवशी नाही. वारशाने मिळालेल्या वस्तूवर आपल्याकडे आयकर नाही. पण ती विकली की भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. फर्निचर, भांडी, कपडे यातून सुटतात. दागिने सुटत नाहीत, आणि २००८-०९ या निर्धारण वर्षापासून चित्रे, शिल्पे, कलावस्तूही सुटत नाहीत. इथे बहुतेक वारस चुकतात. त्यांना वाटते, वडील गेले त्या दिवशीचा भाव हीच आपली खरेदी-किंमत. भारतात तसे नाही. मूळ मालकाने जी किंमत मोजली ती धरतात, आणि वस्तू १ एप्रिल २००१पूर्वीची असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. म्हणजे आजीच्या गोठासाठी २००१चा अहवाल हवा. २३ जुलै २०२४पासून महागाईची वजावट गेली, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. मूळ आकडा सिद्ध करणे त्यामुळे अधिकच महत्त्वाचे झाले.

हैदराबादच्या निम्म्या घरांतली मुले अमेरिकेत नाहीतर इंग्लंडात आहेत असे वाटावे, इतकी ही गोष्ट आता सामान्य आहे. आणि तिथले नियम उलटे आहेत. त्या दोन्ही देशांत साधारणपणे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हाच वारसाचा खरेदी-आकडा ठरतो. त्यामुळे एकाच हारासाठी भावाला २००१चा आणि अमेरिकेतल्या बहिणीला मृत्युदिनाचा, असे दोन अहवाल लागू शकतात. अमेरिकेत राहणाऱ्याला परदेशातून वर्षात एक लाख डॉलरहून जास्त वारसा मिळाला तर तो कळवावा लागतो. कर नसला तरी न कळवल्याचा दंड मोठा आहे, आणि त्या लाखात दागिन्यांचाही आकडा येतो. इंग्लंडात मृत व्यक्तीच्या इस्टेटीवर ३,२५,००० पौंडांच्या वर ४० टक्के कर आहे आणि घरसामानासाठी वेगळा तक्ताच भरून द्यावा लागतो. भारत आणि ब्रिटन यांच्यात १९५६चा इस्टेट ड्यूटीचा करार अजून टिकून आहे, आपल्याकडचा कर जाऊन चाळीस वर्षे झाली तरी. इंग्लंडात मुलाकडे राहून वारलेल्या आईवडिलांच्या हैदराबादेतल्या मालमत्तेला त्याचा आधार मिळू शकतो, म्हणून तिथल्या वकिलाला त्याची आठवण करून द्यावी.

सोन्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. विवाहित स्त्रीला ५००, अविवाहितेला २५० आणि पुरुषाला १०० ग्रॅम, हे आकडे आयकर खात्याच्या ११ मे १९९४च्या सूचनेतले आहेत. ते झडतीच्या वेळी दागिने जप्त न करण्यापुरते आहेत, बाळगण्याची मर्यादा म्हणून नाहीत. वारशाने आलेले सोने त्याहून जास्त असू शकते. मात्र तेव्हा हाताशी कागद हवा: मृत्युपत्र, वाटणीपत्र किंवा सर्व वारसांच्या सह्यांची यादी.

ही यादी कुणी करावी? वाद असेल तर न्यायालय अ‍ॅडव्होकेट कमिशनर नेमते आणि तो पंचांसमोर कुलूप उघडून एकेक नग लिहितो. तोवर नाती संपलेली असतात. वाद नसेल तेव्हा मासिक श्राद्धाच्या किंवा चहल्लुमच्या (चाळिसाव्या दिवसाच्या) आसपास, सगळे जमलेले असतानाच एका दुपारी बसावे. त्या माणसाच्या पत्नीला किंवा पतीला आधी विचारावे की यातले तुमचे स्वतःचे काय, आणि ते बाजूला ठेवावे. मग खोलीवार लिहावे, फोटो काढावेत, दागिन्यांचे एकूण आणि निव्वळ वजन वेगळे लिहावे, बँकेच्या लॉकरमधल्या नगांची नोंद लॉकर उघडला त्याच दिवशी करावी. प्रत्येक वारसाची सही घ्यावी, दूर असलेल्यांना तोच कागद पाठवून त्यांचा होकार लेखी घ्यावा. भावाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. तो मृत्युदिनाच्या सराफा दराने आणि जाणकाराच्या अहवालाने नंतर भरता येतो. निघून गेलेली वस्तू मात्र नंतर कोणत्याच रकान्यात लिहिता येत नाही.